करीमभाईंचा पहिला छापा

पुंजाजी गावंडे, पुंजाजींचे खुशालराव, खुशालरावांचा दिगंबर. आणि दिगंबरची प्रणाली, जिची ही कथा आहे. पुंजाजी माझे सासरे, खुशालराव माझे यजमान, दिगंबर माझा मुलगा. या तीन पिढ्यांनी कागदावर, कापडावर आणि प्लास्टिकवर छपाई केली. चौथी पिढी उन्हाची छपाई करते, असे मी म्हणते. ते शास्त्राला धरून नाही, हे प्रणालीने मला अनेकदा समजावून सांगितले आहे. तरीही मी म्हणते.

सासऱ्यांचा छापखाना अकोल्याला होता. सरकीच्या तेलाच्या डब्यांवर चिकटवायची रंगीत लेबले तिथे छापली जात. त्या गल्लीत एक रिवाज होता. नवा रोलर ज्याने लेथवर घडवला, त्याला त्याचे मोल तर द्यायचेच; पण त्या रोलरवरून निघालेला पहिला निर्दोष छापाही त्याच्या हाती नेऊन द्यायचा. कारागीर तो आपल्या दुकानात भिंतीवर लावी. ज्याच्या भिंतीवर छापे अधिक, त्याचा हात चांगला, असे गिऱ्हाईक समजे.

मी नवी सून असताना सासऱ्यांनी करीमभाईंकडून एक पोलादी रोलर घडवून घेतला. मोल चुकते केले. रोलर घरी आला आणि त्याच आठवड्यात सासरे गेले. छापखाना विकावा लागला. विकत घेणाऱ्याने यंत्रे नेली. हा रोलर अजून यंत्रावर चढलाच नव्हता, म्हणून तो आमच्याकडे राहिला. यजमान तो परत करायला गेले, तेव्हा करीमभाईंनी त्याला हातही लावला नाही. दिलेली वस्तू आपण परत घेत नाही, मोल मिळाले आहे, फक्त छापा बाकी आहे, तो सवडीने द्या, असे ते म्हणाले.

ती सवड झाली नाही. रोलर तेलात भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळून आम्ही अमरावतीला आणला आणि माळ्यावर ठेवला. दर ईदेला आम्ही अकोल्याला जात असू आणि करीमभाई दारातच विचारीत, हमारा छापा? पुढे ते गेले. त्यांचा मुलगा अब्दुल सत्तार त्याच लेथवर बसू लागला आणि तोही तेच विचारू लागला. ती थट्टाच होती. यजमान हसत, मला हसू येत नसे. गावंड्यांच्या घराकडे साऱ्या वऱ्हाडात कोणाचे काही उरले असेल तर ते एवढेच होते. त्या दुकानात मी कधी बसले नाही. चहा दिला तर उभ्यानेच घेतला.

नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीतली शेड यजमानांनी उभी केली. तिथे आम्ही बियाण्यांच्या पिशव्यांवर छपाई करीत होतो. ते काम मोठ्या कारखान्यांनी ओढून नेले, तेव्हा दिगंबर ती शेड शेजारच्या कापड कारखान्याला गोदामासाठी द्यायला निघाला. त्याच वर्षी प्रणाली शिक्षण संपवून घरी आली आणि म्हणाली की यंत्र विकू नका, मला हवे आहे.

तिचे काम मी मला समजले तसे सांगते. छपरावर दिसतात ते सौर पत्रे काचेचे, जड आणि ठिसूळ असतात. प्रणालीचे पत्रे लवचिक प्लास्टिकचे. त्यावर सेंद्रिय पदार्थांची शाई पातळ थरात पसरायची, वाळवायची, भट्टीतून काढायची, वर चांदीच्या रेघा छापायच्या आणि सगळे हवाबंद करायचे. त्या शाईत दोन पदार्थ असतात. ऊन पडले की एक पदार्थ वीज सोडतो आणि दुसरा ती झेलतो. थर वाळताना हे दोघे एकमेकांपासून बेताने वेगळे व्हावे लागतात. फार लवकर वाळला तर ते एकमेकांत अडकून बसतात, फार सावकाश वाळला तर त्यांच्या गुठळ्या होतात. दोन्ही प्रकारांत वीज वाटेतच मरते.

शाई पुण्याची एक कंपनी देत होती. काचेच्या पेटीत, कोरड्या नत्रवायूत, हातमोजे घालून त्यांनी हे पत्रे उत्तम बनवले होते. उघड्या शेडमध्ये, जुन्या छपाई यंत्रावर ते बनतील काय, हे त्यांना पाहायचे होते. बनले तर काम नांदगाव पेठेतच वाढणार होते. नाही तर शाई बंद.

पहिली चाचणी घेण्यासाठी चैत्राच्या अखेरीस कंपनीच्या साधना मॅडम आल्या. बाई हुशार, बोलणे तोललेले. दिगंबरने पाहुणचारात काही कसूर ठेवली नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुण्याला पाणी देण्याच्याही आधी कूलर लावतात. शेडच्या चारही कोपऱ्यांत लोखंडी कूलर होते, त्यांत नवे गवत भरलेले, टाक्या काठोकाठ. ललिता, आमची जुनी कामगार, दर तासाला पाणी पाहून जात होती. पाहुणीच्या खुर्चीभोवती फरशीवर पाणीही शिंपडले. बाहेर डांबर वितळत होते आणि आत गारवा होता.

पत्रे निघाले ते मेलेले. दिव्याखाली धरले तर वीज मोजायच्या मीटरचा काटा जागचा हलला नाही. सकाळी प्रणालीने एकटीने केलेला तुकडा बरा होता, म्हणून तिने पुन्हा केले, तोही मेला. आर्द्रतामापक तिने पाहिला, तो हवा ठणठणीत कोरडी दाखवत होता. मग उरले फक्त तापमान. साधना मॅडमनी ते टिपून घेतले आणि जाताना आम्हाला समोर बसवून सांगितले की या प्रदेशाचे हवामान या कामाला अनुकूल नाही. त्यात त्यांचा काही आकस नव्हता, हे मी मान्य करते. पण वऱ्हाडात बसून वऱ्हाडाविषयी असे कोणी बोलले की मला ऐकून घेता येत नाही. मी त्यांना म्हटले की एका दुपारवरून निकाल देऊ नका, पुन्हा या. त्यांनी कंपनीला विचारले. शेवटचा एक डबा शाई आमच्याकडे राहू द्यावी आणि महिनाभराने आणखी एकच चाचणी घ्यावी, असे ठरले. ती दुपारीच घ्यावी, ही अट त्यांनी घातली.

दिगंबरने त्याच संध्याकाळी कापड कारखानदाराला फोन केला. मी तो ठेवायला लावला.

त्यानंतर प्रणालीचे जेवण कमी झाले. डब्यातली शाई मोजकीच होती, त्यामुळे ती थेंबाथेंबाने तुकडे करून पाहायची. सकाळचे बरे निघत, दुपारचे मरत. दिगंबरचे म्हणणे असे की ऊन कोणाच्या बापाला आवरते काय, पुण्याच्या बाईने खरे तेच सांगितले.

मग एके दिवशी वसाहतीची जलवाहिनी फुटली आणि टँकर आला नाही. दुपारपर्यंत कूलर कोरडे पडले. गरम वारा फेकत ते तसेच घरघरत राहिले, आणि ललिताने वैतागून त्यांची बटणे बंद केली. प्रणालीला त्याचे भान नव्हते. तिने दुपारचा तुकडा केला आणि दिव्याखाली धरला. काटा उठला. पूर्ण नाही, पण उठला.

तिने वळून बंद पडलेल्या कूलरकडे पाहिले. मग ती शेडच्या ओसरीत गेली, तिथे टांगलेला आर्द्रतामापक काढला आणि आत आणून यंत्राशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी आले, कूलर लागले आणि तिने मला शेडमध्ये बोलावून मापकाचा काटा दाखवला. कोरड्याच्या खुणेवरून तो पार ओल्याकडे गेला होता.

"आजी," ती म्हणाली, "आपणच पाणी मारून राहिलो शाईवर. गावाची हवा मोजाची म्हणून मी मापक बाहेर टांगला, अन् आत आपण पावसाळा करून ठेवला."

मी विचारले की मग उन्हाचा दोष नाही काय. तिने सांगितले की दोष आहे, पण तो सुधारता येण्याजोगा. ओल थराच्या पोटात शिरते आणि त्याला मारते, त्यावर इलाज नाही. उष्ण वाऱ्याने शाई फार लवकर वाळते, त्यावर आहे. आपण पापड लाटले की आधी सावलीत सुकवतो आणि मग उन्हात घालतो, नाही तर ते तडकतात; तसे हिला सावकाश वाळणाऱ्या द्रावकात कालवायचे आणि भट्टीची आच थोडी उतरवायची. आमच्या मे महिन्याइतकी कोरडी हवा पुण्याच्या लोकांना यंत्र लावून करावी लागते. ती आपल्याकडे फुकट आहे आणि आपण तीत पाणी ओततो.

मी त्याच वेळी चारही कूलरच्या वायरी काढायला लावल्या. ललिता म्हणाली, "आता आमाले भाजून खाता काय, मोठ्या बाई?" काम पहाटेपासून सुरू करायचे, भर दुपारी यंत्रापाशी दोघांहून अधिक माणसे ठेवायची नाहीत आणि ताकाचा माठ रिता होऊ द्यायचा नाही, एवढे मी ठरवून दिले. फरशीवर पाणी शिंपडणाऱ्याला घरी पाठवीन, हेही सांगितले.

शाई सुधारली तसा दुसरा दोष उघडा पडला. थरात पट्टे दिसू लागले. एक फिकट, एक गडद. यंत्राचा जुना रोलर एका अंगाला झिजला होता. पिशव्यांवर ते कधी दिसले नव्हते. केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या थरात ते लपेना. नवा रोलर मागवायला वेळ नव्हता. त्या रात्री जेवताना प्रणालीने मान वर न करता विचारले की माळ्यावरचा तो गोणपाटातला अजून आहे काय.

मी तिला घेऊन दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेले. गाडीच्या मागच्या आसनावर रोलर आडवा ठेवला होता. मूर्तिजापूर गेल्यावर तिने सांगितले की कंपनीच्या करारात एक कलम आहे. त्यांच्या शाईतून चाचणीत जे जे बनेल ते त्यांचे.

"करारात रोलर कोणाचा ते लिहिलं हाये काय?" मी विचारले.

"नाई."

"मंग ते आपण पाहू."

अब्दुल सत्तार आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत. लेथवर अजून स्वतः बसतात. आम्ही उतरलो तसे त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नेहमीप्रमाणे विचारले, "क्या भाभी, छापा लाए के खाली हाथ?"

मी गोणपाट सोडवले. ते उठून जवळ आले, आपल्या वडिलांच्या हातच्या त्या पोलादावरून त्यांनी अंगठा फिरवला. रोलरवर एक डाग नव्हता. प्रणालीने त्यांना यंत्राची मापे दिली. दोन्ही टोके थोडी उतरवावी लागतील आणि अंगाला एक हलकी पॉलिश, असे ते म्हणाले. त्यांच्या पत्नी रजियाबींनी चहा पाठवला. मी उभ्याने घेतला. निघताना सत्तारभाईंनी रोलर गाडीत ठेवला आणि प्रणालीकडे पाहून विचारले, "बेटी, पहला किसका?"

"तुमचाच, चाचा," ती म्हणाली.

तिने मला न विचारता शब्द दिला. मला ते आवडले.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी आकाश पांढरे झाले होते. साधना मॅडम शेडमध्ये आल्या, चारही कूलर बंद पाहून थांबल्या आणि वीज गेली आहे काय, असे त्यांनी विचारले. प्रणालीने कारण सांगितले. मागच्या वेळी आर्द्रतामापक कुठे टांगलेला होता आणि आता कुठे आहे, हेही लपवले नाही.

दिगंबर मला बाजूला घेऊन गेला. एवढी मोठी बाई आपल्या दारी आली आहे. कापड कारखानदारही कुतूहलाने येऊन बसला आहे. "माय, पाहुण्यायले असं तापत बसवाचं काय? लोकं काय म्हणतीन आपल्याले?"

"मी बसतो ना त्यायच्यासंगं," मी म्हणाले. "मले जे होईन ते त्यायले होईन."

आमच्याकडच्या बायका 'बसतो' असेच म्हणतात.

मी खुर्ची यंत्रासमोर, साधना मॅडमच्या शेजारी ठेवायला लावली. त्यांना ताक दिले, कैरीचे पन्हे दिले, डोक्याला बांधायला दुपट्टा दिला. ललिता मागे कोणाला तरी हळूच सांगत होती की पुण्याची बाई विरघळली तर भरून द्यायला बाटली आणून ठेवा. मॅडमनी ते ऐकले आणि पहिल्यांदाच हसल्या. पत्र्याचे छप्पर तडतडत होते. माझ्या पाठीवरून घाम वाहत होता, पण मी पदर हलवून वारा घेतला नाही. पाहुणीने घेतला असता तर मीही घेतला असता.

प्रणालीने शेवटच्या डब्यातली उरलेली सगळी शाई ओतली. आता मागे ठेवायला काही नव्हते. यंत्र फिरू लागले. करीमभाईंचा रोलर, जो पन्नासाहून अधिक वर्षे निजून होता, तो फिरू लागला. सुरुवातीची हातभर लांबी खराब गेली, ती तशी जातेच. त्यानंतर प्लास्टिकवर निळसर थर उतरू लागला. पट्टा नाही, डाग नाही, पाण्यासारखा सपाट. तो भट्टीतून गेला, चांदीच्या रेघा घेऊन बाहेर आला, हवाबंद झाला. प्रणालीचे ओठ सुकून पांढरे पडले होते. तिने पहिला चांगला भाग न कापता तसाच दिव्याखाली धरला.

काटा उठला आणि नत्राच्या पेटीतल्या पत्र्यांच्या खुणेपाशी, तिच्या किंचित खाली, जाऊन थांबला. साधना मॅडमनी आपले यंत्र काढून मोजले. मग गुंडाळीच्या मधून मोजले, शेवटाकडून मोजले. सगळीकडे तेच.

कारखानदार उठून गेला. दिगंबरने त्याला दारापर्यंतही पोचवले नाही.

मॅडमनी दुपट्ट्याने तोंड पुसले आणि विचारले की हे पावसाळ्यात कसे करणार, तेव्हा तर वऱ्हाडची हवाही ओली असते. प्रश्न रास्त होता. प्रणाली म्हणाली, "पावसाळ्यात यंत्र बंद राहील. मॅडम, आमच्या कापसाच्या जिनिंग मिलही बारा महिने चालत नाहीत. म्हणून काही त्या कोणी पुण्याला नेल्या नाहीत."

मॅडमनी ते लिहून घेतले. मग त्यांनी गुंडाळीसाठी डबा उघडला. तेवढ्यात प्रणालीने कात्री उचलली आणि सुरुवातीचा पहिला निर्दोष भाग, साधारण हातभर, कापून वेगळा केला.

"अहो, हे काय?" मॅडम म्हणाल्या. "हे कंपनीचं आहे."

"शाई कंपनीची आहे," प्रणाली म्हणाली. "रोलर अकोल्याचा आहे. ज्यांनी घडवला त्यांचा पहिला छापा असतो. उरलेलं सगळं तुमचं."

तिने रिवाज सांगितला, रोलर कोणी घडवला ते सांगितले. मॅडमनी उघडलेला डबा खाली ठेवला. ही बाई आता शाई बंद करील, इतक्या उन्हात मिळवलेले हातभर तुकड्यापायी जाईल, हे मला दिसत होते. दिगंबरलाही दिसत होते. तो माझ्याकडे पाहत होता की मी नातीला थांबवावे. मी जागची हलले नाही.

शेवटी मॅडम म्हणाल्या की सुरुवातीचा भाग नेहमीच वाया जातो. हाही वाया गेला असे त्या अहवालात लिहितील, म्हणजे कोणाला काही विचारावे लागणार नाही. त्यांनी वाट काढली होती आणि ती सौजन्याची होती. दिगंबरने सुटकेचा श्वास सोडला.

"वाया गेला असे लिहू नका," मी म्हणाले. "दिला असे लिहा. कोणाला दिला तेही लिहा."

"आजी, त्यावर कंपनीतून प्रश्न येतील."

"येऊ द्या. उत्तर द्यायला आम्ही इथेच आहोत."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, प्रणालीकडे पाहिले, आणि नाव विचारले. प्रणालीने सांगितले. त्यांनी ते लिहिले. प्रश्न पुढे आले आणि त्यांची उत्तरे साधना मॅडमनीच दिली, असे कळले. शाई बंद झाली नाही. आता डबे मोजून येत नाहीत, पिंपे येतात.

चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही अकोल्याला गेलो. प्रणालीने तुकड्याला दोन वायरी जोडल्या होत्या आणि टोकाला नखाएवढा दिवा. अब्दुल सत्तार लेथवर होते. या वेळी त्यांनी काही विचारण्याआधीच मी तो तुकडा दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

"करीमभाईंचा पहिला छापा," मी म्हणाले.

त्यांनी हात धुतले. मग तुकडा उजेडाकडे धरून कारागिराच्या नजरेने तपासला, पट्टा शोधला, कडेवरून अंगठा फिरवला. दोष सापडला नाही. त्यांनी तो दाराबाहेर पायरीवर उन्हात अंथरला. दिवा लागला की नाही ते भर दुपारी दिसेना, म्हणून त्यांनी दिव्याभोवती दोन्ही तळव्यांची ओंजळ केली आणि वाकून आत पाहिले. बराच वेळ ते तसेच वाकून होते.

"लग गया," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "अब ईद को क्या पूछूँगा मैं?"

दुकानाच्या भिंतीवर करीमभाईंच्या वेळचे छापे आहेत. तेलाची, साबणाची, विड्यांची लेबले, पिवळी पडलेली. त्यांच्यामध्ये एक मोकळा खिळा होता. मी तो इतकी वर्षे पाहत आले होते. सत्तारभाईंनी आत येऊन तुकडा त्या खिळ्याला लावला, दोन पावले मागे सरून सरळ आहे की नाही ते पाहिले आणि डावी बाजू जराशी वर केली.

रजियाबी चहा घेऊन आल्या. मी बाकावर बसले आणि चहा घेतला.